भाटकारांची पत्रे आणि ती पोचविणारा माणूस

पेडणे महालातील एका जुन्या घराची गेल्या पावसाळ्यानंतर दुरुस्ती निघाली, तेव्हा माळ्यावरून एक वेताचा पेटारा खाली उतरविण्यात आला. घर भाटकाराचे. पेटाऱ्यात रुमालात बांधलेले मोडी कागद, काही पोर्तुगेज स्टॅम्पाचे, बरेचसे वाळवीने चाळण केलेले. त्या घरातील तरुण गृहस्थ आमचे माजी विद्यार्थी. त्यांनी तो रुमाल आमच्याकडे आणला व विचारले, 'सर, ह्यांतली छापण्याजोगी कोणती?' प्रश्न सरळ होता. उत्तर देताना मात्र आम्ही अडखळलो, आणि का अडखळलो ह्याचा विचार करता करता हा लेख झाला.

आमचे मोडीचे ज्ञान कामचलाऊ आहे, हे आरंभीच सांगितलेले बरे. आमचे आजोबा डिचोली महालात एका भाटकाराच्या घरी कारकुनी करीत. त्यांच्या हातचे वळण लहानपणी पाहिले होते व पुढे एका शिबिरात अक्षरओळख पक्की झाली, इतकीच आमची भांडवलाची रक्कम. तरी दोन महिने खपून त्या रुमालातील बहुतेक पत्रे लावली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून विसाव्याच्या पहिल्या दोन दशकांपर्यंतचा हा पत्रव्यवहार आहे. बाप आणि लेक, भाऊ आणि भाऊ, व्याही आणि व्याही, मामा आणि भाचे अशा नात्यांतला. आणि अधूनमधून कारकून व मालक यांच्यामधला.

नव्या काबिजादीतील ह्या महालांत मराठी कशी टिकली हे ह्या नियतकालिकाच्या वाचकांस सांगावयास नको. डिचोली, सत्तरी व पेडणे हे प्रदेश १७८१ ते १७८८ ह्या काळात पोर्तुगेजांच्या हाती गेले. तोवर त्यांचा धर्मप्रसाराचा जोर ओसरला होता, आणि येथील रीतिरिवाजांस हात लावणार नाही असे आश्वासन देऊनच त्यांनी ह्या मुलखात पाय रोवले. त्यामुळे देवळाची वही, घरचा जमाखर्च आणि सोयरिकीचा कागद मराठीतच राहिला. पेडण्याचे देशप्रभू, साखळी-सत्तरीचे राणे ही तर नावाजलेली घराणी. पण त्यांच्या खालोखाल पाच-पन्नास भाट, एखादे कुळागर व थोडी मोरडाची शेती बाळगून असलेली लहान-मोठी भाटकार घरे गावोगाव होती, आणि ह्या घरांचाही पत्रव्यवहार चाले. आमच्यासमोरचा रुमाल असल्याच एका मध्यम घराचा आहे.

ह्या पत्रांचा पहिला गुण त्यांच्या मायन्यात आहे. मायना ही मराठी पत्राची वेस आहे. आत आलेल्यास ओटीवर बसवायचे की माजघरात न्यायचे हे तेथेच ठरते. 'तीर्थस्वरूप' म्हटले की पुढची सर्व वाक्ये वाकून चालतात, 'चिरंजीव' म्हटले की तीच वाक्ये डोक्यावर हात ठेवून बोलू लागतात. 'राजमान्य राजेश्री' हा शब्द व्याह्याला निराळ्या सुरात लागतो आणि देणेकऱ्याला निराळ्या. आजच्या वाचकास ही सारी औपचारिकता कंटाळवाणी वाटेल; परंतु ह्या साच्याच्या आधारानेच त्या माणसांनी मनातले सांगितले आहे, हे थोडे थांबून वाचले तर ध्यानात येते. पणजीच्या लिसेवात शिकणाऱ्या मुलास बाप पत्र लिहितो. त्यात सुपारीचा भाव आहे, पाटाचे पाणी शेजाऱ्याने अडविल्याची तक्रार आहे, संध्या चुकवू नये ही ताकीद आहे. 'तुझी आठवण येते' असे एक अक्षर नाही. मात्र शेवटी, कळावे म्हटल्यावर, जागा उरली म्हणून लिहिल्यासारखे, विहिरीजवळच्या मानकुरादास यंदा फळ चांगले आले आहे व अद्याप काढलेले नाही, एवढे कळविले आहे. आम्ही पस्तीस वर्षे मुलांना निबंध शिकविला. वात्सल्याचे इतके संयमित वाक्य आमच्या हातून कोणाकडून लिहवून झाले नाही.

भाषाही पाहण्याजोगी आहे. वाक्यरचना पेशवाईच्या वळणाची, आणि तिच्यात मधूनच आदमिनिस्त्रादोर, इश्क्रिव्हांव, प्रोकुरासांव, इनवेंतार हे शब्द पाहुण्यासारखे नव्हे तर घरजावयासारखे येऊन बसलेले. १८६७ चा पोर्तुगेज नागरी कायदा १८७० पासून येथे लागू झाला, आणि हिंदूंच्या रीतिरिवाजांची संहिता १८८० साली मंजूर झाली. एका हाती कोर्टाची पोर्तुगेज व दुसऱ्या हाती सोयऱ्यांची मराठी सांभाळणारा हा वर्ग होता. शब्दांच्या त्या सरमिसळीची खंत करण्याचे आम्हांस कारण दिसत नाही. ज्या कामासाठी जो शब्द कोर्टात वापरावा लागे तोच कागदावर उतरे.

स्त्रियांची पत्रे ह्या रुमालात थोडी आहेत आणि जी आहेत ती बहुधा त्यांच्या हातची नव्हेत. सावंतवाडीकडे दिलेल्या मुलीचे पत्र कारकुनाच्या अक्षरात येते. ते वाचताना आपण एकाच वेळी दोघांचा आवाज ऐकतो: मायना, कुशल व समारोप हे कारकुनाचे, आणि मध्येच, साच्यात न बसणारे, क्रियापद चुकलेले, घरच्या बोलीतले एखादे वाक्य तिचे. गोपिकाबाईंनी सवाई माधवरावास पाठविलेले उपदेशपत्र आपण पाठ्यपुस्तकांतून गौरवितो. ती पेशव्यांच्या घरची कर्ती बाई होती. आमच्या ह्या पेडण्याच्या लेकीला सांगायचे एवढेच होते की सासरी तिच्या लेकराला उतार नाही व माहेरचे जुने औषध हवे. विधवांच्या नावापुढे 'गंगाभागीरथी' येते, आणि त्या एका शब्दानंतर पत्रात त्यांना विचारण्यासारखे काही उरलेले नसते. ह्यावर अधिक लिहावे इतका पुरावा ह्या रुमालात नाही.

आता ज्या गोष्टीपाशी आम्ही अडखळलो तिच्याकडे वळू. ह्या पत्रांत जवळजवळ प्रत्येक ठिकाणी एक शब्द आहे: 'माणूस'. नारळ माणसाबरोबर पाठविले आहेत. माणूस परत पाठवावा. माणसाजवळ उत्तर द्यावे. माणूस नदीला पाणी असल्यामुळे एक दिवस उशिरा पोचला. क्वचित त्याचे नाव येते, तेही अर्धे. हा माणूस म्हणजे मुंडकार: भाटकाराच्या भाटात घर बांधून राहणारा, त्या राहण्याच्या बदल्यात बोलावील तेव्हा कामास जाणारा. पत्र लिहिणारा बाप व ते वाचणारा मुलगा यांच्यामध्ये तो आठ-दहा कोस चालत असे. डोक्यावर हारा, कमरेला पत्र. ज्या पत्रात त्याच्या नावाची तक्रार असे तेही तोच नेऊन देई, कारण ते त्याला वाचता येत नसे.

ह्याला आणखी एक पदर आहे व तो आम्हां मराठीच्या कार्यकर्त्यांना जरा अवघड जाणारा आहे. भाटकार सरकाराशी पोर्तुगेजमधून लिही, सोयऱ्यांशी मराठीतून लिही, आणि मुंडकाराशी घरच्या बोलीतून बोले. तिला कोणी कोंकणी म्हणो, कोणी मराठीची बोली म्हणो, तो वाद आज नको. मुद्दा असा की ह्या घरांच्या दप्तरांत ती बोली लिहिली जात नसे. म्हणजे भाटकार आणि मुंडकार यांच्यामध्ये जे काही बोलणे झाले, दमदाटी, विनवणी, थट्टा, लग्नाला उचल मागणे, आजाऱ्याची विचारपूस, ते सर्व ज्या भाषेत झाले ती भाषा पेटाऱ्यात शिरलीच नाही. आपल्या हाती मराठी आली ती ह्या व्यवहाराचा निकाल म्हणून. व्यवहार स्वतः ओटीखाली राहिला. पत्रांच्या मराठीचे सौष्ठव वाखाणताना समीक्षकाने हे विसरता कामा नये. ते सौष्ठव काही अंशी असे आले आहे, की ओरडून बोलावयाचे ते सर्व दुसऱ्या भाषेत आधीच बोलून झालेले असे.

हा विचार आमच्या मनात आपोआप उठला असे म्हणणे खोटेपणाचे होईल. एका परकीय ग्रंथाने तो उठविला. अमेरिकेच्या दक्षिणेकडील संस्थानांत यादवी युद्धापूर्वी कापूस व भात पिकविणारे मोठे जमीनदार होते व त्यांची शेती गुलामांच्या श्रमावर चाले, हे सर्वश्रुत आहे. त्यांपैकी जॉर्जिया संस्थानच्या लिबर्टी जिल्ह्यातील जोन्स घराण्याचा पत्रव्यवहार रॉबर्ट मॅन्सन मायर्स यांनी संपादून १९७२ साली येल विद्यापीठातर्फे 'द चिल्ड्रेन ऑफ प्राइड' ह्या नावाने प्रसिद्ध केला. १८५४ ते १८६८ ह्या चौदा वर्षांची पत्रे. ग्रंथ अठराशेंहून अधिक पृष्ठांचा. पुढील वर्षी त्यास तिकडील राष्ट्रीय ग्रंथ-पारितोषिक मिळाले. घराण्याचे कर्ते चार्ल्स कोलकॉक जोन्स हे प्रेस्बिटेरियन पाद्री, तीन मळ्यांचे मालक, विद्वान, कुटुंबवत्सल, पत्नी मेरी, एक मुलगा वकील व सव्हाना शहराचा नगराध्यक्ष, दुसरा वैद्य, मुलगी एका पाद्र्यास दिलेली. पत्रे सुरेख आहेत. मुलांच्या आजारपणाची काळजी, बागेतली फुले, पिकाची धास्ती, प्रार्थना. आपल्या पेडण्याच्या बापाला ती परकी वाटली नसती. आमच्याप्रमाणेच तेथेही पत्राच्या अखेरीस चाकरमंडळींचा रामराम कळविलेला असतो, मालकाच्या हातून.

हे जोन्स दुष्ट गृहस्थ नव्हते, हेच ह्या ग्रंथाचे अवघडपण आहे. गुलामांना धर्मशिक्षण द्यावे ह्यासाठी त्यांनी जन्मभर खस्ता खाल्ल्या, १८४२ साली त्या विषयावर पुस्तक लिहिले. मात्र ते शिक्षण तोंडी. गुलामांस लिहिणे-वाचणे शिकविण्यास जॉर्जियात १८२९ पासून कायद्याने बंदी होती. आणि १८५६ साली त्यांच्या मळ्यावरील जेन नावाची तरुण मुलगी पळून सव्हानास गेली व सापडली, तेव्हा तिच्यासकट तिचे सारे कुटुंब विकून टाकावे असे ठरले. त्या विक्रीविषयी बापलेकांची पत्रे ग्रंथात आहेत. त्यांचा सूर नेहमीचाच आहे: प्रेमळ, विवेकी, अदबशीर. कुटुंब तोडू नये, धनी बरा मिळावा, पण किंमतही योग्य यावी. गिऱ्हाइकाने स्वतःच्या मळ्यासाठी घेतो असे सांगितले आणि ती मंडळी न्यू ऑर्लिन्सच्या गुलामबाजारात नेली.

ही पत्रे वाचताना वाङ्मयीन दृष्ट्या आम्हांस जे जाणवले ते असे. वाईट माणसाच्या वाईट पत्राची समीक्षा सोपी असते. येथे चांगले गद्य वाईट कामात गुंतलेले आहे, आणि ते काम करावयास ह्या चांगुलपणाचीच मदत होते आहे. कुटुंब तोडू नये ही अट त्या पत्रांत एकदा लिहिली गेली की लिहिणाऱ्याचे मन शांत होते, पुढचे वाक्य हवामानाकडे वळते. पत्र ही वस्तू अशी आहे की ती लिहिणाऱ्याला त्याचेच समाधान करून देते. त्यामुळे मायर्स यांचा ग्रंथ कादंबरीसारखा वाचला जातो हे त्याचे जे कौतुक झाले ते खरे असले तरी त्यातच त्याची उणीवही आहे. ज्यांच्या श्रमावर ती कादंबरी उभी आहे त्यांना तीत संवाद नाहीत.

एक अपवाद मात्र त्या घराण्याच्या कागदांत टिकून राहिला. न्यू ऑर्लिन्सहून १८५७ च्या मार्चमध्ये जेनची आई फीबी व तिचा नवरा कॅश यांच्या नावाने आलेले एक पत्र आहे. ते कोणाकडून तरी लिहवून घेतलेले असावे. ओळखीच्या एका गृहस्थाच्या नावे ते धाडले आहे व त्याच्याकरवी मागे राहिलेल्या मुलींना, आप्तांना निरोप सांगितले आहेत. जेन वारल्याचे कळविले आहे. स्पेलिंग अशुद्ध, विरामचिन्हे नाहीत. अठराशे पृष्ठांच्या शुद्ध इंग्रजीनंतर ह्या एका कागदाचा जो आघात होतो त्याचे वर्णन करणे आम्हांस जमणार नाही. आपल्या सावंतवाडीच्या लेकीचे ते क्रियापद चुकलेले वाक्य आम्हांस तेव्हा पुन्हा आठवले, हे नमूद करतो.

मायर्स यांच्यानंतर तेहतीस वर्षांनी, २००५ साली, अर्स्किन क्लार्क ह्या इतिहासकाराने 'ड्वेलिंग प्लेस' नावाचा ग्रंथ लिहिला. प्रकाशक तेच येल विद्यापीठ, मळे तेच, माणसे तीच. परंतु ह्यांनी मालकांची कथा आणि गुलामांची कथा शेजारी शेजारी मांडल्या. गुलामांची पत्रे नसताना हे कसे केले? मालकांचीच पत्रे उलट बाजूने वाचून: मृत्युपत्रे, मालमत्तेच्या याद्या, चर्चच्या सभासदांच्या नोंदी आणि पत्रांतील ओझरते उल्लेख जुळवून कोण कोणाचा मुलगा, कोण कोणाची नात, कोणाचे घर कोठे हे लावले. त्या ग्रंथास २००६ साली बॅनक्रॉफ्ट पारितोषिक लाभले. समीक्षक म्हणून आम्ही ह्या दोहोंत क्लार्क यांचा ग्रंथ श्रेष्ठ मानतो. तरी मायर्स यांनी किरकोळ म्हणून टाकण्यासारखी पत्रेही छापली नसती तर क्लार्क यांच्या हाती फारच थोडे लागले असते, हेही खरे.

येथे एक खबरदारी घेतली पाहिजे, नाही तर आमच्यावर अतिशयोक्तीचा दोष येईल आणि तो योग्यच असेल. मुंडकार म्हणजे गुलाम नव्हे. त्याची विक्री होत नसे, त्याची बायकामुले त्याचीच असत, आणि फारच झाले तर रातोरात नदी ओलांडून तो इंग्रजी मुलखात जाऊ शके, व पुष्कळ गेले. खऱ्या गुलामगिरीची गोष्ट निराळी. पोर्तुगेज राज्यात ती १८६९ च्या हुकुमाने रद्द झाली, आणि येथील मोठ्या घरांतील बांदी-बांदे यांचा इतिहास हा स्वतंत्र व अद्याप नीट न लिहिलेला विषय आहे. मुंडकाराचे बंधन झोपडीखालच्या जमिनीचे होते. १९६४ चा कूळकायदा, १९७६ ची त्याची पाचवी दुरुस्ती, आणि १९७५ चा मुंडकार संरक्षण कायदा ह्यांनी ते सैल झाले. पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर हे १९११ साली पेडण्यासच जन्मले होते, आणि त्यांच्या कारकिर्दीत खेडोपाडी मराठी प्राथमिक शाळा निघाल्या, तेव्हाच ह्या महालांतील बहुसंख्य घरांत प्रथम पाटी-पेन्सिल शिरली. लिहिण्यास बंदी करणारा कायदा आपल्याकडे नव्हता. तशा कायद्याची गरजच पडली नव्हती.

असो. आपल्याकडील संपादनाची परंपरा ह्या बाबतीत काय सांगते? राजवाड्यांनी १८९८ पासून साधनांचे खंड काढले, वासुदेवशास्त्री खरे यांनी पटवर्धनी दप्तर उजेडात आणले, सरदेसाईंनी पेशवे दप्तराचे पंचेचाळीस भाग सिद्ध केले. सरदेसाईंनी तर शाहू व पेशवे यांच्या खासगी जीवनास स्वतंत्र भाग दिले. आमच्या गोमंतकात डॉ. पिसुर्लेकर यांनी पणजीच्या दप्तरखान्यात जन्म वेचला व १९६७ साली त्यांचा 'पोर्तुगेज-मराठे संबंध' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. हे ऋण मोठे आहे. तथापि ह्या सर्वांची नजर राज्याकडे होती, आणि ते स्वाभाविकही होते. खासगी म्हणजे राजाचे खासगी. त्यांच्या शिष्यवर्गाने मात्र ती नजर लहान घरांच्या रुमालांनाही तशीच लावली. दीपाजी राण्याच्या बंडाचा उल्लेख असलेला चिटोरा जपायचा. आणि भाताच्या मुड्यांचा, मजुरीच्या दिवसांचा, हाऱ्यांच्या संख्येचा कागद 'किरकोळ' म्हणून बाजूस सारायचा.

ह्या दोषातून आम्हीही मोकळे नाही. सुमारे बारा वर्षांपूर्वी डिचोलीकडील एका घरातून अशीच विचारणा झाली होती. आम्ही तेव्हा मोठ्या अधिकाराने चाळीस पत्रे निवडून दिली: वात्सल्याची, तीर्थयात्रेची, एक-दोन काशीहून आलेली. उरलेल्यांस वाङ्मयीन मूल्य नाही, असे आमच्या हस्ताक्षरात लिहून दिले. घरच्या मंडळींनी पुस्तिका छापली, प्रकाशनास आम्हांस बोलावले, शालही दिली. उरलेले दोन रुमाल पुढे घर बदलताना गेले. कोठे गेले ते त्यांनाही सांगता येत नाही. त्या रुमालांत आमच्या आजोबांच्या हातच्या मजुरीच्या याद्या होत्या, हे आम्ही तेव्हा पाहिले होते, आणि अक्षर ओळखूनही त्या बाजूला ठेवल्या होत्या.

म्हणून 'छापण्याजोगी कोणती?' ह्या प्रश्नाला ह्या वेळी आम्ही झटकन उत्तर दिले नाही. मूल्य कशात आहे हे एकेक पत्र सुटे वाचून ठरविता येत नाही, असे आता आमचे मत झाले आहे. मानकुरादाचे ते वाक्य सुंदर आहे. त्याच आठवड्यातील दुसऱ्या एका चिठ्ठीत मानकुराद उतरविण्यास आलेल्या माणसाचा पाय मोडल्याचे व त्याच्या जागी त्याचा भाऊ बोलाविल्याचे आहे. दोन्ही जवळ ठेवली म्हणजे पहिल्याचे सौंदर्य नाहीसे होत नाही. पण ते फळ झाडावर का राहिले होते ह्याला आता दोन कारणे होतात, आणि बापाने मुलाला त्यांतले एकच कळविले. पत्रवाङ्मयाचा रसिक ह्या दुसऱ्या चिठ्ठीवाचून पहिल्या पत्राचा अर्थ पुरा लावू शकत नाही, एवढेच आमचे म्हणणे. येथे सामाजिक न्यायाचा प्रश्न आहे हे खरे. पण तो बाजूस ठेवला तरी निव्वळ अर्थग्रहणासाठीही दुसरी चिठ्ठी लागते.

पत्रांपलीकडेही साधने आहेत. घरचा कर्ता वारला व वाटणीचा प्रश्न निघाला की कोर्टात इनवेंतार होई, आणि त्यात भाटे, शेते, दागिने, भांडी, गुरे यांची मोजदाद व किंमत मांडली जाई. घराच्या श्रीमंतीचे पत्रांत झाकलेले रूप तेथे उघडे पडते. देवळांच्या वह्या आहेत. आणि अगदी वेगळ्या जातीचे एक पुस्तक आहे: पैंगीणच्या राजाराम रंगाजी पैंगीणकर यांचे 'मी कोण?' हे आत्मचरित्र, ज्याचा पहिला भाग १९६९ साली निघाला. पेडणे-डिचोलीचे ते नव्हे, दक्षिणेच्या काणकोण महालातले, भाटकार-मुंडकाराचेही नव्हे. देवळाशी व यजमानांच्या घरांशी परंपरेने बांधल्या गेलेल्या समाजात जन्मून गोमंतक मराठा समाजाच्या चळवळीत वावरलेल्या गृहस्थाचे ते आहे. परंतु ह्या लेखाच्या विषयाला ते फार जवळचे आहे. मराठी पत्राच्या मायन्यात ज्याला जागा नव्हती त्याने मराठीतच स्वतःचा मायना लिहिला, असे त्या शीर्षकाकडे पाहून आम्हांस वाटते. पुस्तकाचा बांध सैल आहे, प्रसंगांची गर्दी आहे, संपादकाचा हात फिरावयास हवा होता. आमच्या शिक्षक-समीक्षकांनी एवढ्यावरून त्याची जी उपेक्षा केली ती मात्र समर्थनीय नाही. जोन्सांच्या शुद्ध इंग्रजीच्या मानाने फीबीच्या पत्राचा बांधही सैलच आहे.

आम्ही माजी विद्यार्थ्यास सुचविले ते असे: निवड करू नये, रुमालातील सर्व कागद जसे आहेत त्या क्रमाने नकलून घ्यावेत, याद्यांसह. नावे येतील तेथे ती पुरी करण्याचा यत्न करावा व त्यासाठी भाटातील घरी जाऊन विचारावे. ते थोडे नाराज झाले. घराण्याच्या नावे एक नीटस पुस्तक व्हावे अशी त्यांच्या वडिलांची इच्छा होती, आणि भाटातील घरांशी सध्या त्यांचा एका विहिरीवरून दावा चालू आहे, तेव्हा तेथे जाऊन विचारणे सोपे नव्हते. मोघम होकार देऊन ते गेले. नकला मात्र चालू आहेत.

त्या कामास आम्ही आमच्या शाळेतील एका तरुण शिक्षकांना बोलावतो. ते त्याच गावचे, त्याच भाटातल्या एका घरचे. मोडी ते आमच्याहून लवकर शिकले. गेल्या महिन्यात एका चिठ्ठीत एक माणूस न सांगता निघून गेला, त्याच्या घराचा बंदोबस्त करावा, अशा अर्थाचा मजकूर निघाला. नाव अर्धेच होते. शिक्षक काही वेळ त्याकडे पाहत राहिले व म्हणाले, हे आमचे पणजोबा असावेत. ते वेंगुर्ल्यास जाऊन बोटीने मुंबईस गेले असे घरी सांगतात. तेथून त्यांनी पाठविलेले एक कार्ड आमच्या आजीच्या पेटीत होते, पण ते त्यांच्यासाठी कोणी लिहून दिले हे ठाऊक नाही. शोधून आणतो म्हणाले. अजून मिळालेले नाही.